काटा

कर्वे रोडवरच्या दवाखान्याचा जिना चढताना
माझं काळीज माझ्या दोन पायऱ्या पुढे.
सकाळी घरी, जेवणाच्या टेबलावर, १२६ वर ७८.
चौकटीच्या वहीत लिहिलंय, वेळेसकट.

मी वजनमापे निरीक्षक. होतो.
एकतीस वर्षं वजनांच्या बुडाशी
शिशात शिक्के ठोकले.
एक किलो म्हणजे नेमकं किती
हे निम्म्या पेठांनी माझ्याकडून ऐकलं.

आणि इथे सिस्टर जिजा दंडाला पट्टा गुंडाळते,
गोणीचं तोंड आवळावं तसा दंड आवळत जातो,
यंत्र म्हणतं १६८.
"काका, जिना चढून आलात ना. बसा जरा."
बसतो. १७४.
नुसतं बसून वाढतं, ते कसलं माप?

डॉक्टर सरपोतदार वही उलटीपालटी करतात.
"घरचं खरं, की इथलं?" मी विचारतो,
जरा सरकारी आवाजातच.
"दोन्ही खरं," त्या म्हणतात,
"तुम्ही नाही घाबरट. शरीर ओळखतं हा कोट.
गोळीची घाई नको, चोवीस तास यंत्र लावून बघू."

तेव्हा मला हातिमभाई आठवला.
बोहरी आळी, खिळे-मोळ्यांचं दुकान.
मी पायरीशी दिसलो रे दिसलो
की टोपीच्या सोनेरी काठाखाली घाम.
पारड्यात पाच किलोचं ठेवताना हात असा थरथरायचा
की काटा ठरायचाच नाही.
डायरीत लिहिलं: इसम संशयास्पद.
न सांगता पुन्हा गेलो. पुन्हा तेच.
तिसऱ्यांदा काटाच उचलून नेला तपासायला.
गुंजभर खोट निघाली नाही.
परत दिला, शिक्का मारून.
चहा मात्र घेतला नाही, मी कुणाचाच घेत नसे.
मला वाटायचं, ज्याचं माप खरं
त्याचा हात कशाला थरथरेल?

पुढच्या खेपेला अर्धा तास आधी पोचलो.
पाठ टेकलेली, तळवे जमिनीला,
पायावर पाय नाही, बोलणं नाही.
सिस्टर जिजाने यंत्राचं तोंड भिंतीकडे फिरवलं,
म्हणाली, "दहापर्यंत मोजा, काका."
आकडे मोजले की मला आकडा बघावासा वाटतो.
म्हणून वडिलांनी पाठ करून घेतलेलं,
किलोच्या आधीचं काढलं:

मण, आणि श्वास भरून घ्यायचा.
शेर. अच्छेर. पावशेर.
छटाक.
तोळा,
मासा,
गुंज.

गुंजेशी पोचलो तरी पारडं थांबत नाही,
हेलकावा तेवढा लहान होतो.
१५२.
वहीत लिहिलं. ठिकाण: दवाखाना.
शेऱ्याच्या रकान्यात, बऱ्याच वेळाने:
हात थरथरला.

खाली येऊन रिक्षावाल्याला म्हटलं, घरी नको, बोहरी आळी.
हातिमभाईंचा फोटो आहे आता, घड्याळाच्या शेजारी.
गल्ल्यावर मुर्तझा, मुलगा.
मला बघून उभा राहिला,
आणि हात आपसूक गेला
काट्यावरची धूळ पुसायला.
"बस रे," म्हटलं, "रिटायर झालो मी. चहा मागव."
चहा आला. दोन्ही हातांनी धरून प्यायलो.
मग म्हटलं, "पाव किलो चुका दे."
"कोणत्या, साहेब?"
"जुन्या असल्या तरी चालतील."

त्याने मूठभर टाकल्या.
नव्या काट्यावर लाल आकडे धावायला लागले,
२४१, २५६, २४७,
तो ओशाळून बोटाने एकेक चूक काढू-घालू लागला.
म्हटलं, घाई नको.
ठरू दे आधी.